पहिल्या नोकरीतले दहा हजार: मोडावी लागणार नाही अशी गुंतवणूक

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २४, पहिलीच नोकरी, चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. मूळ वेतन २१,०००, हातात ३८,००० येतात. शैक्षणिक कर्ज ३ लाख २० हजार, व्याज १०.५ टक्के, मुदत पाच वर्षे, हप्ता ६,८८०, नुकताच सुरू झालेला. क्रेडिट कार्डावर २२,००० थकले आहेत आणि दर महिन्याला फक्त ‘किमान रक्कम’ भरली जाते. बचत खात्यात ४०,००० पडून आहेत. आई-वडील कऱ्हाडजवळ गावी असतात, वडील ५६ वर्षांचे, त्यांना मधुमेह आहे. भाडे, डबा, हप्ता सगळे जाऊन १०,००० उरतात. ओळखीतले विमा एजंट काका वर्षाला ३०,००० हप्त्याची वीस वर्षांची पॉलिसी घे म्हणतात, खोलीवरचा मित्र ऑप्शनमध्ये, म्हणजे शेअरच्या भावावर लावायच्या सौद्यांत, ये म्हणतो, आणि मोबाइल उघडला की जो तो एसआयपी (दरमहा ठरावीक रक्कम म्युच्युअल फंडात) म्हणतो. तर हे दहा हजार कुठे टाकू?

कुठे टाकायचे ते सांगतो, पण आधी एक गोष्ट बघू. आपल्याकडे एफडी ‘मोडतात’, बांगड्या ‘मोडतात’, पॉलिसी ‘सोडतात’. पंचविशीतल्या गुंतवणुकीचे नुकसान बहुतेक वेळा चुकीची योजना निवडल्याने होत नाही. बरी असलेली योजना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मोडावी लागते, तिथे ते होते. दवाखाना निघाला, नोकरी गेली, कार्डाचे बिल अंगावर आले, की हात पहिल्यांदा एसआयपीकडे जातो, आणि नेमका तेव्हाच बाजार पडलेला असला तर तोटा पक्का होतो. म्हणून क्रम असा लावायचा, की सगळ्यात लांबच्या पैशाला हात लावायची वेळच येऊ नये. पुढचे सगळे त्याच हिशेबाने आहे.

कार्डापासून सुरुवात करा, आणि ती आजच करा. कार्डाचे व्याज महिन्याला साधारण साडेतीन टक्के असते. २२,००० वर ते ७७० रुपये होते, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी १३९. किमान रक्कम पाच टक्के धरली तर तुम्ही भरता १,१००. म्हणजे अकराशे भरून मुद्दल कमी झाले जेमतेम १९० रुपयांनी. वर हे, की पूर्ण बिल भरले नाही तर बिनव्याजी दिवसांची सवलत जाते आणि नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागते. बचत खात्यात पैसे अडीच-तीन टक्क्यांवर पडलेले आणि त्याच माणसाचे कार्ड वर्षाला बेचाळीस टक्क्यांनी वाढतेय, हे एक दिवसही चालू ठेवू नका. ४०,००० मधून २२,००० भरून टाका. पुढच्या बिलात थोडे उरलेले व्याज येईल, कारण ते रोजच्या शिलकीवर मोजतात, तेही भरा. मग कार्डाला ‘पूर्ण रक्कम’ अशी ऑटोपे सूचना लावा आणि खर्चमर्यादा २०,००० वर आणून ठेवा. बँकेच्या ॲपमधून दोन मिनिटांत होते.

आता खात्यात १८,००० उरले. मन घाबरते, ते बरोबरच आहे. म्हणून पुढचे चार महिने अडीअडचणीचा निधी उभा करायचा, एसआयपी अजून नाही.

हा निधी किती असावा? पगाराच्या पटीत मोजू नका, न टळणाऱ्या खर्चाच्या पटीत मोजा. तुमचा भाडे, जेवण, प्रवास, घरी पाठवायचे आणि कर्जाचा हप्ता मिळून साधारण २८,००० होतात. एकट्या, तरुण, नोकरी मिळण्याजोगे शिक्षण असलेल्या माणसाला चार महिन्यांचा निधी पुरतो: १ लाख १२ हजार. घर फक्त तुमच्या पगारावर चालत असेल तर सहा महिन्यांचा ठेवा. एवढा जमेपर्यंत बाकी सगळे थांबवायचे नाही. पहिला टप्पा ५०,००० चा, तो गाठला की एसआयपी सुरू करायची आणि निधी मागून पूर्ण करायचा.

ठेवायचा कसा, इथे बरेच जण चुकतात. सगळा पगाराच्याच खात्यात ठेवला तर तो खर्च होतो, कारण यूपीआयला शिल्लक दिसते. एक वेगळे बचत खाते घ्या, त्याला यूपीआय जोडूच नका, डेबिट कार्ड घरी ठेवा. त्यात १५-२० हजार मोकळे, बाकीच्याच्या दहा-दहा हजारांच्या एफडी. एकच साठ हजारांची एफडी केली आणि बारा हजार लागले, तर पूर्ण साठ मोडावी लागते आणि मुदतपूर्व म्हणून व्याज अर्धा-एक टक्का कमी मिळते. दहा-दहाच्या असतील तर दोनच मोडतात. ऑटो-स्वीपची सोय असलेली बँक हेच काम आपोआप करते, फक्त सूचनापत्रात किती रुपयांच्या तुकड्यांत मोडेल ते वाचून घ्या. लिक्विड फंडही (अल्पमुदतीच्या रोख्यांत पैसे ठेवणारा म्युच्युअल फंड) चालतो. मागितल्यावर साधारण दुसऱ्या कामकाजी दिवशी पैसे येतात, काही फंड दिवसाला ५०,००० पर्यंत लगेच देतात, आणि पहिल्या सहा दिवसांत काढल्यास किरकोळ निर्गमन शुल्क लागते. पण रात्री दोन वाजता रुग्णालयाच्या काउंटरवर मला तरी बँकेतलाच पैसा जास्त भरवशाचा वाटतो.

पतसंस्थेत अर्धा-एक टक्का जास्त मिळतो म्हणून हा निधी तिथे ठेवायचा मोह होतो, विशेषतः गावाकडे. बँकेतली ठेव, मग ती सहकारी बँक का असेना, दर ठेवीदारामागे दर बँकेत पाच लाखांपर्यंत विमासुरक्षित असते. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून एक लाखावरून पाच लाख झाली. पतसंस्थेला हे संरक्षण नाही. आणि विमा असला तरी पैसे तत्काळ मिळतात असेही नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. ज्या पैशावर उद्याचा दवाखाना चालायचा, तो दोन वेगळ्या बँकांत असलेला बरा. भिशी लावत असाल तर लावा, बचतीची सवय लागते. पण भिशीचा नंबर कधी लागेल हे आपल्या हातात नसते, म्हणून तिला अडीअडचणीच्या निधीत धरू नका.

दुसरी बाजू विम्याची. निधी लहान संकटाला पुरतो, मोठ्याला पुरत नाही. एका मोठ्या शस्त्रक्रियेचे बिल तुमचा चार महिन्यांचा निधी आणि दोन वर्षांची एसआयपी एका दमात खाऊन टाकते.

आरोग्य विम्यात आधी कंपनीचा समूह विमा काढून वाचा. मनुष्यबळ विभागाला तीन गोष्टी लेखी विचारा: रक्कम किती, आई-वडिलांना जोडता येते का आणि कोणत्या महिन्यात, आणि जुने आजार पहिल्या दिवसापासून धरलेत का. समूह विम्यात बहुधा धरलेले असतात, म्हणून मधुमेही वडिलांसाठी वर्षाला काही हजार पगारातून कापून घेऊन तिथे जोडता आले तर ते सगळ्यात सोपे. पण हा विमा नोकरीबरोबर जातो. म्हणून स्वतःचा १० लाखांचा वेगळा घ्या. तुमच्या वयाला तो वर्षाला साधारण सहा ते नऊ हजारांत बसावा. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, त्यामुळे जुन्या जाहिरातीतल्या आकड्यांपेक्षा कमीच यायला हवा.

पॉलिसीच्या कागदात ‘खोलीभाडे मर्यादा’ शोधा. समजा ५ लाखांच्या पॉलिसीत खोलीभाडे विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,०००. तुम्ही ८,००० ची खोली घेतली. लोकांना वाटते वरचे तीन हजार आपण भरू आणि सुटू. तसे होत नाही. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृह, परिचर्या हे सगळे खोलीच्या दर्जाला बांधलेले असते, म्हणून त्या सगळ्यांना ५/८ चा गुणक लागतो. औषधे आणि इम्प्लांट सोडून उरलेले बिल २ लाख असेल तर कंपनी १ लाख २५ हजार देते, ७५ हजार तुमच्या खिशातून. ‘खोलीभाड्याला मर्यादा नाही’ किंवा ‘एकाची स्वतंत्र खोली’ असे लिहिलेलीच पॉलिसी घ्या. ‘को-पे’ शब्द असेल तर दर दाव्यात तेवढे टक्के तुमचे, हे लक्षात ठेवा.

आई-वडिलांची पॉलिसी घ्यायची झाली तर तुमच्या पॉलिसीत त्यांना घालू नका. फॅमिली फ्लोटरचा (सगळ्या घराला मिळून एकच रक्कम असलेल्या पॉलिसीचा) हप्ता घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो. त्या दोघांची वेगळी घ्या. मधुमेह लपवायचा नाही, औषधांची नावे आणि सुरू झाल्याचे वर्ष प्रस्तावात लिहायचे. जुन्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त तीन वर्षे असतो, तो एकदा संपला की संपला. लपवले आणि दाव्याच्या वेळी रुग्णालयाच्या केसपेपरवर ‘मधुमेह आठ वर्षांपासून’ असे लिहून आले, की दावा तिथेच अडतो. दोघांचा हप्ता तीस हजारांच्या पुढेही जाऊ शकतो, तेव्हा तो वडिलांशी बोलून वाटून घ्या. तोपर्यंत एक काम फुकट होण्यासारखे आहे: घरचे रेशनकार्ड आणि आधार नीट करून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कार्ड काढून ठेवा. ही योजना आता राज्यातल्या सर्व कुटुंबांना खुली आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, अंगीकृत रुग्णालयांत आणि ठरलेल्या उपचारांसाठी. कऱ्हाड-साताऱ्याकडची कोणती रुग्णालये यादीत आहेत ते आजारपण नसतानाच बघून वहीत लिहा.

आयुर्विमा तुम्हाला हवा का? तुमच्या मागे कोणाचे पोट तुमच्यावर असेल किंवा कोणाच्या डोक्यावर तुमचे कर्ज जाणार असेल तर हवा. तुमच्या शैक्षणिक कर्जाला वडील सहकर्जदार असणार, म्हणजे उत्तर हो. साधी टर्म पॉलिसी (मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे, एरवी काही नाही), ७५ लाख ते १ कोटी, साठाव्या वर्षापर्यंत. २४ व्या वर्षी, तंबाखू-सिगारेट नसेल तर वर्षाला आठ ते बारा हजारांत मिळते आणि हप्ता शेवटपर्यंत तोच राहतो. ‘हप्ते परत’ मिळणारी टर्म घेऊ नका. त्यात जवळपास दुप्पट भरावे लागते आणि छत्तीस वर्षांनी बिनव्याजी परत मिळते. पगारातून ईपीएफ (भविष्य निर्वाह निधी) कापला जातो म्हणून तुम्हाला वेगळा पैसा न भरता ईडीएलआय या त्यासोबतच्या आयुर्विम्याचे छत्रही आहे, कमाल ७ लाखांचे. घरच्यांना ते ठाऊक नसते, म्हणून सांगून ठेवा.

आता काकांची पॉलिसी. वर्षाला ३०,०००, वीस वर्षे, एकूण भरणा ६ लाख. अशा पॉलिसीत बोनस धरून शेवटी साडेदहा लाखांच्या आसपास मिळतील असा तक्ता दाखवतात, आणि ‘सहाचे साडेदहा’ ऐकायला छान वाटते. पण पहिले तीस हजार वीस वर्षे अडकलेले असतात, शेवटचे एकच वर्ष. हिशेब मांडला तर १० लाख ४२ हजार म्हणजे वर्षाला बरोबर पाच टक्के. तेच तीस हजार दर वर्षी ७.१ टक्क्यांच्या पीपीएफमध्ये (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत) गेले असते तर वीस वर्षांनी १३ लाख ३२ हजार झाले असते, सरकारी हमीसह आणि करमुक्त. आणि विमा म्हणून ती पॉलिसी देणार किती? सहा-सात लाख. त्यातले जवळपास निम्मे तुमच्या कर्जातच जातील. ‘कर वाचतो’ हा मुद्दाही तुम्हाला लागू नाही. नव्या करप्रणालीत ८०सी ची, म्हणजे विम्याच्या हप्त्यावर मिळणारी, वजावट नाही, आणि तिच्यात २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर तसाही कर शून्य येतो.

सगळ्यात मोठी अडचण आकड्यांची नसते, नात्याची असते, हे मी जाणतो. काकांना नुसते ‘नको’ म्हणायचे जड जाते. त्यांना सांगा, ‘काका, बचतीची पॉलिसी आत्ता झेपणार नाही, पण एक कोटीची टर्म मी तुमच्याकडूनच घेतो.’ दाव्याच्या वेळी ओळखीचा माणूस घरच्यांच्या मदतीला असणे याला किंमत आहे, त्यासाठी टर्मचा हप्ता ऑनलाइनपेक्षा थोडा जास्त पडला तरी चालेल. आणि आधीच सही झाली असेल तर पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. वैद्यकीय तपासणी, मुद्रांक शुल्क आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचा किरकोळ खर्च वजा करून पैसे परत मिळतात.

गुंतवणुकीकडे वळताना पहिल्यांदा पगारपत्रक काढा, कारण तुमची एक गुंतवणूक चालू झालेलीच आहे. २१,००० च्या १२ टक्के म्हणजे २,५२० तुमचे ईपीएफमध्ये कापले जातात, तेवढेच कंपनी घालते. काही कंपन्या १५,००० च्या मर्यादेवरच, म्हणजे १,८०० च कापतात. तुमच्यात काय आहे ते बघा. यूएएन (ईपीएफचा कायमचा क्रमांक) वापरून ईपीएफओचे पासबुक उघडा. त्यात तीन रकाने दिसतील: कर्मचारी, मालक, आणि पेन्शन. १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा सदस्य झालेला आणि रुजू होताना १५,००० पेक्षा जास्त वेतन असलेला माणूस पेन्शन योजनेत येत नाही. कंपनीचे पूर्ण १२ टक्के ईपीएफमध्येच जायला हवेत. तुमच्या पेन्शनच्या रकान्यात दर महिन्याला १,२५० दिसत असतील तर ती नोंद चुकीची आहे. आत्ता एका मेलवर दुरुस्त होईल. दोन नोकऱ्या बदलल्यावर वर्ग करताना अडकली तर महिनोन्महिने जातात. नोकरी बदलली की पैसे काढू नका, वर्ग करा. सलग पाच वर्षे पूर्ण होण्याआधी काढले तर करपात्र होतात, वर्ग केले तर आधीची वर्षे मोजली जातात. दोन वेगळे यूएएन तयार होऊ देऊ नका, नव्या कंपनीला जुनाच क्रमांक द्या.

म्हणजे महिन्याला ५,०४० रुपये ८.२५ टक्क्यांवर (२०२४-२५ चा दर) सुरक्षित बाजूला जात आहेतच. त्यामुळे लांबच्या पैशासाठी उरलेला हिस्सा शेअर बाजारात ठेवायला जागा आहे. पीपीएफचे खाते मात्र ५०० रुपये भरून उघडून ठेवा आणि दर वर्षी ५०० टाकत राहा. पंधरा वर्षांची मुदत खाते उघडले त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून मोजली जाते; आज उघडलेले खाते तुम्ही चाळिशीत पोहोचता तेव्हा मोकळे होते. पुढे कधी मोठी रक्कम भराल तेव्हा महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरा, कारण व्याज ५ तारीख ते महिनाअखेर यांतल्या किमान शिलकीवर मिळते. ६ तारखेला भरले तर त्या महिन्याचे व्याज गेले.

बाजारातल्या हिश्श्यासाठी निफ्टी ५० चा एक इंडेक्स फंड पुरे, म्हणजे देशातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाप्रमाणेच पैसे लावणारा फंड. पाच-सहा फंड घेतले तरी आत बहुतेक त्याच बँका, त्याच तेलकंपन्या, त्याच आयटी कंपन्या निघतात. फंड निवडताना नावात दोन शब्द असलेच पाहिजेत: ‘डायरेक्ट’ आणि ‘ग्रोथ’. डायरेक्ट योजना जानेवारी २०१३ पासून आहेत, त्यांत वितरकाचे कमिशन नसते. ग्रोथ म्हणजे नफा आतच राहतो. खर्चाचे प्रमाण, म्हणजे फंड वर्षाला कापतो तो हिस्सा, इंडेक्स फंडात ०.१ ते ०.३ टक्के मिळते. सक्रिय फंडाच्या (शेअर व्यवस्थापक निवडतो अशा) रेग्युलर, म्हणजे वितरकामार्फतच्या, योजनेत ते दीड-दोन टक्क्यांपर्यंत जाते. एक टक्का म्हणजे किती? महिना ५,०००, तीस वर्षे, १० टक्क्यांनी १ कोटी १३ लाख होतात. ९ टक्क्यांनी साडेएक्क्याण्णव लाख. नुसत्या एका टक्क्याने साडेएकवीस लाख नेले.

आणि त्याच १ कोटी १३ लाखांबद्दल खरे सांगायला हवे, कारण जाहिराती ते सांगत नाहीत. महागाई ६ टक्के धरली तर तीस वर्षांनंतरचे ते पैसे आजच्या हिशेबाने वीस लाखांच्या आतच येतात. म्हणून रक्कम तीच ठेवून चालत नाही, पगारवाढीबरोबर वाढवावी लागते. दर वर्षी एसआयपी १० टक्क्यांनी वाढवली तर तीस वर्षांनी सुमारे ३ कोटी १८ लाख होतात. शेवटच्या वर्षी हप्ता ७९,००० च्या घरात गेलेला असतो, हेही त्यात आले; तोपर्यंत पगारही त्या मानाने वाढलेला हवा. आणि १० टक्के ही माझी गृहीत धरलेली संख्या आहे, कोणी दिलेली हमी नाही.

हमी नाही म्हणजे काय ते जुने आकडे दाखवतात. जानेवारी २००८ मध्ये निफ्टी ६,२०० च्या वर होता, ऑक्टोबरात २,६०० च्या खाली आला, आणि २०१३ च्या दिवाळीतही तो ६,३०० च्याच आसपास होता. जवळपास सहा वर्षे. मार्च २०२० पर्यंतच्या दोन महिन्यांत १२,३०० वरून ७,६१० झाला, पण तेव्हा वर्षाच्या आत सावरला. पुढच्या वेळी कोणता प्रकार होईल हे आधी कळत नाही. म्हणून तीन वर्षांच्या आत लागणारा पैसा, मग ती दुचाकी असो की बहिणीचे लग्न, आरडी किंवा एफडीतच. तीन ते सात वर्षांत लागणाऱ्या पैशाचाही थोडाच भाग बाजारात. सात वर्षांच्या पलीकडचा बिनधास्त एसआयपीत.

शैक्षणिक कर्ज लवकर फेडावे की एसआयपी वाढवावी, यावर माझे मत स्पष्ट आहे. साडेदहा टक्के वाचणार हे ठरलेले आहे, बाजाराचे ठरलेले नाही. दरमहाची एसआयपी छोटी का होईना चालू ठेवा, सवय आणि वेळ दोन्ही मिळतात. पण दिवाळीचा बोनस, पगाराची थकबाकी, असा सुटा आलेला पैसा कर्जात घाला. वर्षभर हप्ते भरून झाल्यावर ४०,००० जादा भरले तर शेवटचे जवळपास साडेआठ हप्ते, म्हणजे साधारण ५८,००० रुपये, भरावेच लागत नाहीत. व्यक्तीने तरत्या (बदलत्या) व्याजदराने घेतलेल्या अशा कर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो. बँकेत अर्ज देताना दोन वाक्ये लिहाच: ‘ही रक्कम मुद्दलात जमा करावी’ आणि ‘हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी’. हे लिहिले नाही तर रक्कम पुढच्या हप्त्यांची आगाऊ भरणा म्हणून पडून राहू शकते आणि व्याज तसेच चालू राहते. आठवड्याने खातेउतारा घेऊन मुद्दल खरेच घटले का ते बघा.

मित्राच्या ऑप्शनबद्दल फार लिहीत नाही. शेअर बाजाराच्या नियामकाने, सेबीने, सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमधल्या १०० पैकी ९३ वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांनी पैसे गमावले, मिळून १.८ लाख कोटींहून अधिक. मित्राचा एखाद्या दिवसाचा नफ्याचा स्क्रीनशॉट खरा असेलही. त्याला वर्षाचा दलालीसकट नफा-तोटा पत्रक दाखवायला सांगा. आणि आठवड्याला ठरावीक टक्के देणारे कोणीही, कितीही मोठ्या दुकानात बसले असले तरी, टाळा. दादरच्या टोरेस या दागिन्यांच्या दुकानाचे प्रकरण जानेवारी २०२५ मध्ये उघडे पडले, तिथेही आठवड्याच्या परताव्याचेच आमिष होते.

सोने घरात लागतेच, त्याला माझा विरोध नाही. फक्त दागिना ही गुंतवणूक धरू नका: घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी घेताना जातो, आणि मोडताना घडणावळ परत मिळत नाही. सराफाच्या अकरा महिन्यांच्या योजनेत सवलत बहुधा घडणावळीतच असते आणि तो पैसा विमासुरक्षित ठेव नसतो. लग्नासाठी सोने जमवायचे असेल तर गोल्ड ईटीएफ (सोन्याच्या भावाशी बांधलेला, शेअर बाजारात घेता-विकता येणारा फंड) बरा.

आता दहा हजारांची मांडणी. पहिले चार महिने: सगळे अडीअडचणीच्या निधीत, त्यातूनच तुमच्या आरोग्य विम्याचा हप्ता. अठरा हजारांवरून निधी पन्नासच्या आसपास येईल. पाचव्या महिन्यापासून ४,००० निधीत, ३,००० एसआयपीत, आणि ३,००० ‘वर्षाचे हप्ते’ नावाच्या आरडीत. या तिसऱ्या भागाकडे कोणी लक्ष देत नाही आणि तिथेच गाडी अडते: टर्म, तुमचा आरोग्य विमा आणि आई-वडिलांच्या विम्यातला तुमचा वाटा मिळून वर्षाला ३५ हजारांच्या घरात जातो, तो एका महिन्याच्या पगारातून निघत नाही, मग पॉलिसी बंद पडते किंवा एफडी मोडते. साधारण सोळा महिन्यांत निधी १ लाख १२ हजारांवर पोहोचला की ते ४,००० एसआयपीत वळवा. ती ७,००० होईल.

एसआयपीची तारीख पगारानंतर दोन-तीन दिवसांची घ्या. पगार ७ ला होत असेल तर १०. शिल्लक नसताना हप्ता परत गेला तर फंड दंड करत नाही, पण बँक दर वेळी काही शे रुपये अधिक जीएसटी कापते, आणि सलग तीन हप्ते परत गेले की एसआयपी रद्द होते. नोकरी गेली तर हप्ते परत जाऊ देत बसू नका, ॲपमधून ‘पॉज’ करा. जमलेले युनिट तसेच राहू द्या आणि खर्च निधीतून चालवा. तो त्यासाठीच आहे.

ईपीएफ, दोन्ही बँक खाती, फंड आणि पीपीएफ, सगळीकडे नामनिर्देशन भरा. ईपीएफचे ऑनलाइन भरताना नॉमिनीचा आधार आणि फोटो लागतो. आधार, पॅन आणि बँक यांतली नावाची वर्णाक्षरे एकसारखी आहेत का तेही बघा. एका अक्षराच्या फरकाने केवायसी अडते. आणि एसआयपीसाठी बँकेची ई-मँडेट (दरमहा आपोआप पैसे कापण्याची परवानगी) सही करताना कमाल मर्यादा ३,००० टाकू नका, २५,००० टाका. कापले जातील तीन हजारच. पण ज्या महिन्यात कर्ज संपेल, त्या महिन्यात ६,८८० चा मोकळा झालेला हप्ता खर्चात विरघळायच्या आत दहा मिनिटांत एसआयपीला जोडता येईल, नव्या मँडेटसाठी पुन्हा बँकेच्या मागे लागावे लागणार नाही.